दावं, दावण आणि खवळलेला समुद्र : खान्देशातून शिडाच्या शर्यतीला पहिल्यांदा जाताना

चाळीसगावहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून गोव्यापर्यंत शिडाच्या बोटीतून शर्यतीला जातोय असं घरी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मायनं भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "तठे काय शे तुनं?" तिथे तुझं काय आहे, याचं धड उत्तर मला अजून देता आलेलं नाही. पण हल्ली धुळे, जळगाव, नंदुरबारकडची पोरं-पोरी फोन करतात. दादा, आम्हाला जमेल का, सुरुवात कुठून करू, वादळात काय करायचं? फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं इथे सलग लिहितो.

हे लिखाण बोटीच्या कर्णधारासाठी नाही. मोठ्या बोटीवर पहिल्यांदा क्रू म्हणून जाणाऱ्यासाठी आहे. तिथे बसायला जागा मिळते ती काठावर, पाय बाहेर सोडून, वजन म्हणून. मीही तिथूनच सुरुवात केली.

आधी पोहणं, मग छोटी होडी

विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकला असाल तर चांगलंच आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. तलावात पूर्ण कपडे आणि बूट घालून उतरून बघा. नंतर लाइफजॅकेट घालून उतरा. फुगलेल्या जॅकेटमध्ये पालथं पोहता येत नाही, उताणं राहूनच हातपाय मारावे लागतात. हे पहिल्यांदा रात्री दोन वाजता समुद्रात कळलेलं बरं नाही.

मोठ्या बोटीवर जाण्याआधी एक हंगाम तरी छोट्या, एकट्या-दुकट्याच्या होडीत काढा. छोटी होडी चूक झाली की लगेच उलटते, त्यामुळे शिकवणी लवकर होते. त्यासाठी समुद्रच लागतो असंही नाही. खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे कॅडेट शिडं हाकतात. हैदराबादच्या हुसेनसागरावर आणि भोपाळच्या मोठ्या तलावावर शिकून पोरं देशपातळीवर उतरतात. कॉलेजात असाल तर एनसीसीच्या नौदल शाखेची चौकशी करा. मुंबईतले क्लब नवख्यांसाठी वर्ग घेतात. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बोटी वर काढून ठेवतात. गिरणा धरणात किंवा हतनूरला परवानगीशिवाय, सोबत मदतीची मोटरबोट नसताना शीड लावायला जाऊ नका. धरणाचं पाणी शांत दिसतं, पण वारा सुटला की मधोमध कोणी नसतं.

गाठी मात्र घरीच शिकता येतात, आणि आपण त्यात मुळीच मागे नाही. बैलाच्या गळ्यात दावं बांधताना फास आवळणार नाही आणि ताण पडला तरी गाठ सुटायला अडणार नाही, अशीच गाठ हवी असते. बोटीवर बोलाइन करते तेच काम. ती, आठची गाठ, खुंट्याला मारतात ती क्लोव्ह हिच आणि ताणलेल्या दोरावर दुसरा दोर पकडवणारी रोलिंग हिच, एवढ्या चार पुरेत. डोळे मिटून आणि हात ओले करून बांधता आल्या पाहिजेत. मी पंख्याखाली बसून, बादलीत हात बुडवून सराव केला. बहिणीनं आठवडाभर हसून घेतलं.

जागा कशी मिळते

शर्यतीच्या बोटीवर ओळखीनं एकदा चढता येतं, दुसऱ्यांदा येत नाही. मला घेणारे कर्णधार नौदलातून निवृत्त झालेले होते. नाव विचारायच्या आधी त्यांनी गाव विचारलं आणि पुढे कायम "चाळीसगाव" अशीच हाक मारली. सरावाला शनिवारी सकाळी सातला बोलवायचे. रात्रीच्या गाडीनं दादरला उतरून मी साडेसहाला हजर असायचो, आणि कुलाब्यात राहणारे सव्वासातला यायचे. तीन महिन्यांनी एकाची जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी मला फार काही विचारलं नाही.

काम मागताना मला सगळं येतं असं सांगू नका. काय येत नाही ते सांगा. अंधारात, भिजलेल्या डेकवर, "येतं" म्हणणाऱ्या न येणाऱ्या माणसाची सगळ्यांना भीती वाटते.

चार शब्द आधीच कानावर असू द्या. डोलकाठीमागचं मोठं शीड ते मेनसेल, पुढचं ते जिब. मेनसेलच्या खालची आडवी दांडी म्हणजे बूम. शीड वर चढवणारा दोर हॅलयार्ड. शिडाला आत-बाहेर करणारा दोर शीट. हा शब्द ऐकून चादर शोधू नका. दोर ओढायचं गोल यंत्र म्हणजे विंच. त्यावर दोर घड्याळाच्या दिशेनं गुंडाळतात. ताणाखाली तीन वेढे तरी ठेवा आणि बोटं कायम वेढ्यांपासून लांब ठेवा. दोर सैल सोडताना तळहातानं वेढे दाबून सोडायचे असतात. कपाशीच्या गाठी बांधताना दोरात बोट अडकलेलं ज्यानं पाहिलंय त्याला हे परत सांगायला नको.

बोट आणि नियम : निघण्याआधी काय तपासायचं

खोल समुद्रातल्या शर्यतींसाठी वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेचे विशेष सुरक्षा नियम असतात. शर्यत किनाऱ्यापासून किती लांब, मदत किती उशिरा पोचणार, यावरून तिचा वर्ग ठरतो. वर्ग शून्य म्हणजे महासागर ओलांडणारी. आकडा वाढत जातो तशी शर्यत किनाऱ्याजवळची. तुमच्या शर्यतीचा वर्ग विचारा आणि त्याची यादी मागून घ्या. यादी कर्णधाराची जबाबदारी आहे, पण ती वस्तू बोटीत कुठे ठेवलीय हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे. पहिल्या दिवशी हात लावून बघायच्या गोष्टी : पाणी उपसायचे पंप आणि त्यांचे दांडे, बोट बुडाली तर फुगवून बसायची लाइफराफ्ट आणि तिची शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख, संकटात पेटवायच्या लाल ज्योती, व्हीएचएफ रेडिओ, संकटात उपग्रहाला ४०६ मेगाहर्ट्‌झवर हाक देणारं ईपर्ब, वादळी हवेतलं छोटं जाडजूड स्टॉर्म जिब, आणि डोलकाठी तुटली तर तारा कापायची कात्री. मी एकदा ही कात्री मागितली तर ती सहा पिशव्यांच्या खाली निघाली. तुटलेली डोलकाठी पाण्यात पडून बोटीच्या अंगावर आपटत असताना सहा पिशव्या उपसायला कोणाला वेळ असतो?

शर्यतीच्या नियमांत एक वाक्य अगदी सुरुवातीलाच येतं : भाग घ्यायचा की नाही आणि चालू ठेवायची की नाही, ही जबाबदारी त्या बोटीचीच. आयोजकांनी शर्यत रद्द केली नाही म्हणजे हवा चालण्यासारखी आहे, असा अर्थ काढू नका. आणि संकटातल्या बोटीला किंवा माणसाला शक्य ती मदत करणं बंधनकारक आहे, मग तुम्ही पहिले असा की शेवटचे.

हवा वाचणं : इथे आपण अडाणी नाही

माझ्या मामाचं गाव रावेरकडचं, केळीचं. उन्हाळ्याच्या शेवटी तिकडे वावधन सुटतं. आधी वारा पडतो, पश्चिमेला आभाळ काळवंडतं, गार झुळूक येते आणि दहा मिनिटांत घडांनी लदलेली बाग आडवी होते. मामा बागेच्या कडेनं शेवरी लावायचा आणि आभाळ बघून पोरांना बांधावरून परत बोलवायचा. समुद्रातही झोडप येण्याआधी असंच होतं : वारा क्षणभर मरतो, गारवा येतो, लांबवर पाण्याचा रंग गडद होतो आणि लाटांची डोकी पांढरी दिसू लागतात. तो गडद पट्टा तुमच्यापर्यंत यायला जेवढी मिनिटं लागतील तेवढीच तुमच्या हातात असतात.

आता थोडे आकडे. समुद्रावर वारा नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटचा वारा २० झाला की शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ३० झाला की नऊपट. अंदाजात सांगतात तो सरासरी वेग असतो. झोत त्याहून बराच वर जातो, म्हणून "२२ नॉट" वाचलं तर मनात ३० धरून तयारी करा. लाटांचंही तसंच. अंदाजातली उंची मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून येणारी एखादी त्याच्या जवळजवळ दुप्पट असते.

साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. वारा वाढला की त्यांची पाती स्वतःला तिरकी करून घेतात, आणि साधारण ताशी ९० किलोमीटरला यंत्र स्वतःहून बंद होतं. वारा जास्त म्हणजे वीज जास्त, असं तिथला इंजिनिअर मानत नाही. शर्यतीतली पहिली चूक नेमकी इथे होते.

अंदाजासाठी हवामान खात्याची किनारी आणि सागरी बातमीपत्रं आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राचे लाटांचे इशारे बघा. निघण्याच्या आठ दिवस आधीपासून रोज बघितले तर आकडे कुठे सरकतायत ते कळतं. एकाच दिवशी बघून काही कळत नाही. थंडीत पश्चिमी विक्षोभ उत्तरेकडून गेला की मागोमाग उत्तरेचा वारा जोर धरतो. आपल्याकडे गहू-हरभऱ्याला थंडी पडली म्हणून लोक खूश असतात, तेव्हा कोकण किनाऱ्यावर तो वारा २५-३० नॉट वाहू शकतो. अरबी समुद्रातली चक्रीवादळं बहुतेक पावसाळ्याच्या आधी आणि नंतर येतात : तौक्ते मे २०२१ मध्ये आलं, ऑखी तर डिसेंबर २०१७ मध्ये. तेव्हा "आता हिवाळा लागला" यावर विसंबू नका.

भरती-ओहोटी आपल्याला नवी. मुंबईला पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं आणि खाडीच्या तोंडाशी जोराचा प्रवाह असतो. वारा एकीकडून आणि प्रवाह समोरून असला की त्याच वाऱ्यात लाटा आखूड, उभ्या आणि फुटक्या होतात. घड्याळ बघून ती जागा टाळता येते.

पिशवी आणि पोट

कापसाच्या तालुक्यातून येऊन हे लिहिताना जड जातं, पण सुती कपडे घरी ठेवा. भिजलेलं सूत वाळत नाही आणि वाऱ्यात अंगातली ऊब शोषून घेतं. फेब्रुवारीतल्या रात्री, भिजलेल्या अंगावर २५ नॉटचा वारा लागला की मुंबईच्या समुद्रातही दात वाजतात. अंगालगत पॉलिस्टरचा किंवा लोकरीचा पातळ थर, वर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट-पँट. एक कोरडा जोड दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बांधून ठेवा. कितीही मोह झाला तरी तो शेवटच्या रात्रीआधी उघडायचा नाही.

बोट लागणं. एसटीतून कन्नडचा घाट निवांत झोपून पार करणाऱ्यालाही बोट लागते, तेव्हा मिशीला पीळ देऊ नका. डॉक्टरांना विचारून गोळी ठरवा आणि ती आधी घरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा. काही गोळ्यांनी इतकी गुंगी येते की माणूस डेकवर निकामी होतो. गोळी आदल्या रात्री घ्यायची आणि निघण्याआधी पुन्हा. मळमळू लागल्यावर घेतलेली पोटात राहत नाही. त्रास सुरू झाला की खाली केबिनमध्ये जाऊ नका, क्षितिजाकडे बघा, सुकाणू मिळत असेल तर घ्या. ओकायचं असेल तर वाऱ्याआडच्या बाजूला, दोर अडकवलेला ठेवून, आणि शेजारच्याला सांगून. लाजून गपचूप काठावर वाकणारी माणसंच पाण्यात जातात. नंतर मीठ-साखरेचं पाणी घोट घोट घ्या. दिवसभर ओकून पाणी न पिणारा तगडा गडी संध्याकाळी ओझं होतो.

खायला मी दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ आणि आलेपाक नेतो. कळण्याची भाकरी एकदा नेली होती. दुसऱ्या दिवशी तिनं विंचचा दांडा ठोकता आला असता. शेवभाजीची तर्री परत आल्यावर. केळ्यांचं मात्र जपून. पोटाला सोसायला केळ्यासारखं सोपं फळ नाही, पण परदेशी खलाशांत बोटीवर केळी म्हणजे अपशकुन अशी जुनी समजूत आहे. मी पहिल्या शर्यतीला मामाकडची दोन डझन घेऊन गेलो तर एक इंग्रज क्रू खरंच दचकला. दुपारपर्यंत त्यानंच चार खाल्ली.

दावण आणि दावं

एवढं एक जरी नीट केलंत तरी घरी परत याल.

बोटीच्या डेकवर पुढून मागे दोन्ही कडांनी पट्टे ताणलेले असतात. इंग्रजीत त्यांना जॅकस्टे म्हणतात. मी पहिल्यांदा बघितलं आणि म्हटलं, ही तर दावण! आणि तुमच्या छातीवरच्या हार्नेसपासून तिच्यापर्यंत जातो तो पट्टा म्हणजे दावं. नियमानुसार त्याची लांबी दोन मीटरपेक्षा जास्त नसते. मधे आणखी एक हूक असलेलं, एक मीटरवर अडकवता येणारं मिळालं तर तेच घ्या. माणूस पाण्यात पडून बोटीबरोबर फरपटत जाणं हे सुटून जाण्याइतकंच घातक असतं. म्हणून दावं आखूड, आणि अडकवायचं कायम वाऱ्याकडच्या बाजूच्या दावणीला.

खाली केबिनमधून वर येताना पायरीवर उभं राहूनच आधी दावं अडकवायचं, मग बाहेर पाऊल टाकायचं. आत जाताना आधी आत उतरायचं, मग सोडायचं. रात्री, वारा १५-२० च्या वर गेला की, एकटे डेकवर असताना आणि कर्णधार म्हणेल तेव्हा अडकवायचंच. मी रात्री लघवीलाही खालच्या शौचालयातच जातो. काठावर उभं राहून मोकळं होण्यात मर्दुमकी वाटते खरी, पण त्या एका सवयीनं बरेच गेलेत.

लाइफजॅकेट १५० न्यूटन तरंगशक्तीचं, मांडीतून जाणारा पट्टा असलेलं. हा पट्टा न लावता पाण्यात पडलात तर जॅकेट वर जातं आणि तुम्ही त्यातून खाली. शिट्टी, दिवा, तोंडावर ओढायचं प्लॅस्टिक आणि गॅसची नळी घट्ट बसलीय का, हे प्रत्येक शर्यतीआधी स्वतः बघा.

रीफ घेणं

वारा वाढला की शीड लहान करतात, त्याला रीफ घेणं म्हणतात. खवळलेल्या समुद्रातल्या शर्यतीचं अर्धं शहाणपण या एका कामात आहे, म्हणून सावकाश सांगतो.

सुकाणूवाला बोट थोडी वाऱ्याच्या तोंडाकडे आणतो. मेनशीट आणि बूमला खाली ओढणारा वँग सैल करायचा. बूम खाली कोसळू नये म्हणून तिला वरून धरणारी टॉपिंग लिफ्ट ताठ करायची. मग हॅलयार्ड रंगानं केलेल्या खुणेपर्यंत खाली सोडायचं. डोलकाठीशी उभा असलेला माणूस शिडाच्या पुढच्या कडेतली कडी बूमच्या मुळाशी असलेल्या हुकात अडकवतो आणि ओरडतो, "लागली!" आता हॅलयार्ड परत ताठ, वाटतं त्याहून जास्त ताठ. त्यानंतरच मागच्या टोकाची रीफलाइन विंचवर ओढायची, कडी बूमला चिकटेपर्यंत. शेवटी टॉपिंग लिफ्ट सैल, वँग आणि मेनशीट परत. क्रम चुकला की ताण नको तिथे येतो आणि शीड फाटतं. सराव असेल तर दोन मिनिटं, नसेल तर दहा, आणि ती दहा मिनिटं शीड तोफेसारखं फडफडत असतं.

कधी घ्यायचा? मनात पहिल्यांदा येईल तेव्हा. हे मला माझ्या दुसऱ्या शर्यतीत पटलं. संध्याकाळी उत्तरेचा वारा १८ होता, आम्ही पुढे होतो, जयगडचा दिवा दिसायची वाट बघत होतो. पाठीमागून वारा असला की फसायला होतं. बोट वाऱ्याबरोबर पळत असते, त्यामुळे अंगाला वारा कमी लागतो. आठ नॉटनं पळणाऱ्या बोटीवर २६ चा वारा १८ वाटतो. माझ्या मनात आलं होतं की दुसरा रीफ हवा. नवखा आहे, कसं बोलू, म्हणून गप्प राहिलो. नंतर कळलं की बाकी दोघांच्याही मनात तेच होतं आणि तेही गप्प होते. अर्ध्या तासात झोत ३२ वर गेला. एका लाटेवर बोटीचा मागचा भाग सरकला, वारा मेनसेलच्या मागून शिरला आणि बूम एका कडेवरून दुसरीकडे आली. तो आवाज मी विसरलो नाही : उसाच्या ट्रॉलीचा साखळदंड तुटावा तसा. मेनशीटची कप्पी निखळली, शीड वरपासून हातभर फाटलं, आणि सैल झालेल्या दोराचा फटका माझ्या कोपराला बसला. बूम डोक्यावरून गेली, डोक्याला लागली नाही, कारण मी दोर उचलायला वाकलो होतो. आम्ही आठवे आलो. कर्णधार पहाटे चहा देताना एवढंच म्हणाले, "चाळीसगाव, मनात आलं होतं ना? मग तोंड कशाला दिलंय?"

तेव्हापासून आमच्या बोटीवर सर्वात नवख्यालाही रीफ मागायचा हक्क आहे.

लाटांमधून बोट नेणं

सुकाणू हाती आलं तर हे लक्षात ठेवा. वाऱ्याकडे जाताना लाट चढताना बोट किंचित वाऱ्याकडे वळवायची, माथ्यावर आली की किंचित खाली सोडायची, म्हणजे ती पलीकडे धाडकन आपटत नाही. झोत आला की मेनशीट सैल करणारा माणूस सुकाणूवाल्याच्या आधी हलला पाहिजे. वारा पाठीमागून असताना लाट मागच्या बाजूला काटकोनात घ्यायची. लाट बोटीला पुढे ढकलते तेव्हा मजा येते, पण तेव्हाच बोट आडवी फिरायची शक्यता सर्वात जास्त. फुग्यासारखं मोठं रंगीत स्पिनेकर शीड दिसायला कितीही देखणं असलं तरी वारा चढण्याआधी उतरवा. बूमच्या टोकापासून पुढे नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत, दोर नेऊन बूम बांधून टाका. त्याला प्रिव्हेंटर म्हणतात. वरच्या माझ्या गोष्टीत तो नव्हता.

बोट फुटत्या लाटेला आडवी कधी राहू देऊ नका. प्रयोगांतून असं दिसलंय की लाटेची उंची बोटीच्या लांबीच्या ३० टक्के झाली आणि ती आडवी फुटली तर बोट उलटू शकते. ४० फुटी बोटीला १२ फुटी लाट पुरते.

रात्री कोकण किनाऱ्यावर लाटांइतकाच त्रास जाळ्यांचा असतो. मच्छीमारांचे दिवे लुकलुकतात, जाळ्याचा फ्लोट दिसत नाही, आणि सुकाणूत जाळं गुंतलं की शर्यत तिथेच संपते. त्यांची रोजीरोटी आहे, आपली हौस. वळसा घालायचा आपण. नकाशा बघायला लाल दिवा वापरा, पांढऱ्यानं सगळ्यांचे डोळे अर्धा तास बिघडतात. पाळी चार तासांची असो की तीन, पाच मिनिटं आधी कपडे-दाव्यासह हजर. पाळीला उशीर करणाऱ्याला कोणी परत बोलवत नाही.

माणूस पडला तर

ओरडा. ज्यानं पाहिलं त्यानं हात लांब करून हाताचं बोट त्या माणसावर रोखायचं आणि नजर हटवायची नाही. त्याचं दुसरं कुठलंही काम नाही, दोर सुद्धा नाही. दुसऱ्यानं तरंगणारं कडं आणि दिव्याची काठी फेकायची, तिसऱ्यानं जीपीएसवरचं बटण दाबायचं. सात नॉटनं चाललेली बोट अर्ध्या मिनिटात शंभर मीटरवर जाते, आणि दोन मीटरच्या लाटेआड डोकं नारळाएवढंही दिसत नाही. बोट लगेच वाऱ्यात वळवून थांबवायची. हा सराव दिवसा, नारळ टाकून, दर हंगामात करा.

त्याहून वाईट झालं तर

वारा ३५-४० च्या वर गेला तर शर्यत बाजूला राहते. मेनसेल उतरवून स्टॉर्म जिब, किंवा बोट थांबती करणं : जिब उलट बाजूला अडकवून ठेवायचं, सुकाणू विरुद्ध बांधायचं, बोट तिरकी उभी राहून हळू सरकत राहते आणि अचानक शांतता वाटते. तेवढ्यात चहा होतो, जखम बांधता येते. पाण्याखाली अरुंद, खोल कणा असलेल्या नव्या बोटींना हे जुन्यांइतकं मानवत नाही, म्हणून शांत दिवशी करून बघा. वाऱ्याबरोबर पळायचं असेल तर मागे दोर किंवा पाण्यात ओढ धरणारं छत्रीसारखं ड्रोग सोडून वेग आवरायचा. वारा तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलत असेल तर घाबरून खाडीत शिरायचा मोह टाळा. तोंडाशी वाळूचा दांडा असतो आणि लाटा तिथेच फुटतात. मोकळ्या पाण्यात मार खाणं परवडतं.

लाइफराफ्ट शेवटी. इंग्लंडहून निघणाऱ्या फास्टनेट शर्यतीत १९७९ साली ३०३ बोटी निघाल्या होत्या, वादळात १५ खलाशी गेले. २४ बोटी लोकांनी सोडून दिल्या आणि त्यांतल्या फक्त ५ बुडाल्या. उरलेल्या नंतर तरंगताना सापडल्या. राफ्टमध्ये जायचं ते वर चढून, म्हणजे बोट पायाखालून बुडत असेल तेव्हाच, असं तेव्हापासून शिकवतात. ऑस्ट्रेलियातल्या १९९८ च्या सिडनी-होबार्ट शर्यतीत ११५ पैकी ४४ बोटींनी शर्यत पूर्ण केली, ६ जण गेले आणि ५५ जणांना उचलून आणावं लागलं. आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्यानं जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी तुटून, पाठीला जबर मार लागून पडून होते. बोट सोडली नाही, जागा कळवत राहिले, तीन दिवसांनी फ्रेंच जहाजानं उचललं. पुढच्याच गोल्डन ग्लोबमध्ये ते दुसरे आले.

मदत मागायची वेळ आली तर व्हीएचएफच्या १६ नंबर वाहिनीवर तीनदा "मेडे", बोटीचं नाव, जागा, काय झालंय, किती माणसं. किनाऱ्याजवळ मोबाइल लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. रेडिओवर बोलायचा सराव तुम्हीही करा, कर्णधारच पडला तर?

शर्यत सोडत असाल तर आयोजकांना लगेच कळवा. न कळवता जयगडला जाऊन झोपलात तर तिकडे तटरक्षक दलाची बोट रात्रभर तुम्हाला शोधत फिरते.

परत आल्यावर

दावं, हार्नेस, जॅकेट, बूट सगळं गोड्या पाण्यानं धुवा. खारट राहिलेली कडी महिन्यात जाम होते. वाळवायचं सावलीत. मी एकदा सामान चाळीसगावला गच्चीवर मेच्या उन्हात टाकलं आणि दोन दिवसांत जॅकेटचे पट्टे कडक झाले. भिजल्यावर आपोआप फुगणारं जॅकेट असेल तर धुण्याआधी त्याची गॅसची नळी आणि पाण्यात विरघळणारी गोळी काढून ठेवा. नाहीतर मोरीत ते फट्‌कन फुगतं आणि भांडी घासणारी माय किंचाळते.